संत्र्याचे दोन भाव

अकोला,
१२ जून १९३८

प्रिय भगवंत,

मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. आधी बातमी सांगते, म्हणजे उरलेलं पत्र तू शांतपणे वाचशील. बाबांनी होकार दिला. तू बी. ए.ला जा आणि अर्थशास्त्रच घे, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं. कचेरीतली जागा आमच्या मुलाला नको, असा निरोप नत्थुजीकाकांकडेही गेला. जागा त्यांनीच साहेबांकडे शब्द टाकून मिळवली होती, त्यामुळे काका रुसले आहेत. पण ते दर लग्नसराईत कोणावर तरी रुसतातच. मनावर घेऊ नकोस.

तू भांडून अमरावतीला निघून गेलास, त्याच संध्याकाळी मी शाळेच्या सुट्टीसाठी मळ्यावर पोचले. जेवताना बाबा म्हणाले, "इंटर पास झाला, कचेरीत जागा चालत आली, अन् हा म्हंते मले अर्थशास्त्र शिकाचं हाय. हिशेब काय आपल्याले येत नाई?" मायनं मला डोळ्यांनीच गप्प बसवलं. बसले मी गप्प. बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. समोरून वाद घातला की ते पाय रोवून उभे राहतात, आणि पटलं तरी कबूल करत नाहीत. पण त्या रात्री त्यांनी दुसऱ्यांदा भाकर घेतली नाही, हे मी पाहिलं होतं. तुझ्या जाण्याचं त्यांना लागलं होतं.

तू मार्चमध्ये परीक्षेत होतास, म्हणून मृगबहाराच्या संत्र्यांचं काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. बाबा आणि शेजारचे देवीदासभाऊ यांनी मिळून संत्र्यांनी भरलेली मालगाडीची एक वाघीण अमरावती स्टेशनावरून कलकत्त्याला पाठवली होती. माल चांगला पोचला, पण त्याच दिवशी नागपूरकडच्या कितीतरी वाघिणी तिथे येऊन उभ्या होत्या. अडत्यानं भाव पाडला, आणि एवढ्या लांबून बाबा काय बोलणार? इकडे त्याच आठवड्यात होळीच्या बाजाराला मेळघाटातून एवढी माणसं परतवाड्यात उतरली की संत्रं पुरेना. आपलं घरी राहिलेलं डागी फळसुद्धा माय हसत हसत चढ्या भावानं विकून आली. बाबांनी त्या दोन्ही गोष्टींबद्दल कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

सुट्टीच्या दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी मी त्यांच्यासोबत वांगी तोडत होते. मध्येच टोपली खाली ठेवून ते म्हणाले, "झाड एकच, फळ एकच, हप्ता एकच. मंग दोन भाव काहून?" मला वाटतं त्यांनी ते मला विचारलंच नव्हतं, झाडांनाच विचारलं होतं. मी म्हटलं, "बाबा, भगवंत हेच शिकाले जातो म्हणून राहिला." त्यांनी टोपली परत उचलली. वांगी बाजारात गेली, दुपार झाली, गुरं पाण्यावरून आली. मग संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी हळूच विचारलं की त्या शास्त्रात आणखी काय काय असते.

इंटरच्या अभ्यासाबद्दल तू बोलायचास, ते जमेल तसं मी सांगू लागले. मागणी म्हणजे काय, माल जास्त आला की भाव का पडतो, रेल्वेचं भाडं कोण ठरवतं. काही मला समजलेलं होतं, काही नव्हतं. जिथे अडले तिथे अडले म्हणून सांगितलं. "मास्तरीण असून?" म्हणत बाबा हसले. किती दिवसांनी हसले! शेतकऱ्यांनी सहकारानं माल विकला तर काय होतं, तेही बी. ए.ला शिकवतात असं म्हटल्यावर ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "शिकू दे त्याले. फक्त मले समजन अशा बोलीत सांगजो म्हना." माय आतून सगळं ऐकत होती. तिनं त्या दिवशी न सांगता शिरा केला.

आता तुझ्या तयारीचं. अर्थशास्त्रासोबत इतिहास घे असं मला वाटतं, पण तुझ्या प्राध्यापकांना विचारूनच काय ते ठरव. तुझं इंग्रजी कच्चं आहे आणि अर्थशास्त्राची सगळी पुस्तकं इंग्रजीत, तेव्हा रोज थोडं मोठ्यानं वाचत जा. मित्राच्या खोलीवर किती दिवस काढशील? बोर्डिंगात जागा बघ. आणि कॉलेज उघडण्यापूर्वी एकदा घरी जाऊन ये. बाबा बोलावणार नाहीत आणि मायला लिहिता येत नाही, म्हणून मीच बोलावते आहे असं समज.

एक गोष्ट राहिली, आणि खरं तर तिच्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. मी अकोल्याला निघाले तेव्हा बाबा मला मोटारीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले होते. मोटार दिसू लागल्यावर त्यांनी विचारलं, "शकुन, इतके रोज तू भगवंतासाठी बोलून राहिली होती, का तुयासाठी?" मी मोटारीत बसले आणि अकोल्यापर्यंत तोच प्रश्न माझ्यासोबत आला. तुझे भाऊजी वारले, मी शिक्षिका व्हायला नॉर्मल स्कूलला गेले, नोकरी लागली, मॅट्रिकही झाले. माझं शिकणं तिथेच पुरं झालं असं मी धरून चालले होते. काल आमच्या मुख्याध्यापिकांना विचारलं. शिक्षिकेला कॉलेजात न जाता इंटरला बसता येतं म्हणाल्या, आणि पुढे बी. ए.लाही. मी बसणार आहे भगवंत, अर्थशास्त्र घेऊन. दिवाळीच्या सुट्टीत मला शिकवायचं काम तुझं. घरी जाशील तेव्हा बाबांना एवढं सांग, माझ्याच्यानं तोंडावर सांगवलं नसतं. म्हणावं, बाई म्हंते, दोघांसाठी.

तुझीच बाई,
शकुन