खोकल्याच्या पत्रकातली दहावी ओळ

सोमवार, ४

खोकल्याचा नववा दिवस. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती पत्रकं आमच्या छापखान्यात छापतात, प्रूफं मी तपासते. रेडिओ — आमचा वाचक, आवाजच तसा — मूळ प्रत मोठ्याने वाचतो, मी प्रूफवर बोट फिरवते. आज तो वाचतोय आणि मी खोकतेय! "बाई, स्वल्पविराम कुठला नि तुमची उबळ कुठली, काही कळेना." तरी चारपर्यंत सही करून प्रूफ मशीनवर पाठवलं.

मंगळवार, ५

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. "दुसरं काही औषध चालू आहे?" "छे!" — जीभ सवयीने वळली. स्तनातली गाठ काढल्यापासून रोज हार्मोनची गोळी आहे, पाच वर्षं घ्यायचीय. ताईशिवाय कुणाला ठाऊक नाही. छापखान्यात त्या रजेचं कारण 'भाचीचं लग्न' होतं. रेडिओ अजून फोटो मागतो.

चिठ्ठीवरचं औषध नेमकं तेच, काल ज्याचं पत्रक तपासलं!

बुधवार, ६

गुंगी. खोकला कमी.

गुरुवार, ७

ताई फोनवर — "आतला कागद वाचलास का?" हसूच आलं. मी वाचत नाही, तपासते. काना, मात्रा, आकडे. अर्थाशी आपल्याला काय करायचंय!

मग उघडला. जुन्या छपाईचा होता. दहावी ओळ : हार्मोनची गोळी चालू असल्यास हे औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगावे. घाबरले. साफ घाबरले.

शुक्रवार, ८

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. भडकल्याच. "अहो, याच्याने तुमच्या गोळीचा जोर कमी पडू शकतो! गोळी बंद करायची नाही हं. खोकल्याचं औषध बदलू." माझ्या ऑपरेशनच्या डॉक्टरांनाही समोरच फोन लावून विचारलं. नवीन औषध मिळालं.

शनिवार, ९

सोमवारचं पत्रक छापून झालंय. एक उलगडलं. नववी ओळ, मग थेट अकरावी. सोमवारचं प्रूफ काढून पाहिलं, त्यातही नाही. मूळ प्रतीत आहे. रेडिओने वाचलीच असणार, मी खोकत असणार. प्रूफावर सही माझी.

मालक म्हणाले, "निम्मे गठ्ठे औषध कंपनीकडे गेलेत. एका ओळीने काय आभाळ कोसळतंय? कोण वाचतं ते? गप बसा, नोकरी जाईल तुमची." गप बसले. या वयात दुसरीकडे कोण घेणार मला?

रविवार, १०

ताईचा फोन उचलला नाही.

सोमवार, ११

कंपनीला मीच फोन लावला, सगळ्यांदेखत. सांगितलं — ओळ सुटलीय, प्रूफावर सही माझी आहे, खोकी भरणं थांबवा.

पलीकडून कंपनीचा माणूस — "पण बाई, एवढ्या एका ओळीसाठी..."

"ती गोळी मी घेते," म्हटलं. "कॅन्सरची."

रेडिओ वाचता वाचता थांबला.