आधी औषधं, मग घर

आई,

बुक केलेला फ्लॅट मी रद्द केला. बदलापूर पश्चिमेला नवीन टॉवर होतोय, त्यातला बाराव्या मजल्यावरचा, दोन बेडरूमचा. गॅलरीतून डोंगर दिसणार होते. शेजारणी म्हणतात, हातात आलेलं घर सोडणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहिली. तुझे जावई दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. म्हटलं, तुला सांगावं. पैसा कसा धरायचा हे मी तुझ्याकडून शिकले आणि हे घर सोडलं तेही तुझ्यामुळेच, पण या वेळी मी तुझ्या बरोबर उलट वागले.

उल्हासनगरला आपल्या चाळीसमोर सिंधी काकांचं किराणा दुकान होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. शनिवारी जीन्सच्या कारखान्यात तुमचा आठवड्याचा पगार व्हायचा आणि सगळ्या बायका तिथून थेट काकांकडे जायच्या, मागच्या आठवड्याची उधारी फेडायला. फेडून हातात उरायचं काय, तर पुढच्या उधारीची सुरुवात. तू तांदूळ, तेल, साबण रोख घ्यायचीस आणि वर दहा-वीस रुपये काकांच्या हातात ठेवायचीस. बाबांची कंपनी बंद पडली होती. ते मिळेल तेव्हा काम करायचे आणि घरात दिसलेली नोट त्यांच्या खिशात जायला वेळ लागायचा नाही. म्हणून तुझी बँक म्हणजे ते दुकान. काका हसायचे. "बाई, तुम्हारा हिसाब उलटा है. बाकी सब लेके जाते हैं, तुम रखके जाती हो." तू तुझ्या हिंदीत म्हणायचीस, "घर में रखेगा तो खर्च होएगा, काका. तुमच्याकडेच रहने दो." मी बाजूला उभी राहून लाजायची. मला वाटायचं, दुकानातल्या सगळ्यांना आपली गरिबी कळते. सगळ्या रांगेत एकट्या तुझ्याच नावावर जमा आहे, हे माझ्या लक्षातही यायचं नाही.

दहावीत असताना मी त्या जमेतले दहा रुपये काढले. काकांना सांगितलं, आईने मागितलेत. मैत्रिणींबरोबर कुल्फी खाल्ली, एक चमकीची क्लिप घेतली. शनिवारी तुला कळलं. तू ओरडली नाहीस, हातही उगारला नाहीस. रविवारी सकाळी म्हणालीस, "चल, चप्पल घाल." आणि मला कारखान्यात नेलंस. पत्र्याची लांबट खोली, मधोमध जीन्सचा ढीग, भोवती बायका मांडी घालून बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात धागे कापायची छोटी कात्री. तू मला एक कात्री दिलीस. "एका पीसला पंचवीस पैसे. दहा रुपयांचे किती होतात ते तूच सांग." चाळीस. चाळीस पँटींचे धागे मी संध्याकाळपर्यंत कापले. शिवणींतून, खिशांच्या कडांतून, बेल्टच्या पट्ट्यांमधून लोंबणारा एकेक धागा. कच्चा रंग बोटांना लागत होता, नखांच्या कडा निळ्या झाल्या होत्या. दुपारी पाठ भरून आली तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं, तर तुझ्या बाजूला माझ्या तिप्पट ढीग. घरी येताना तू एवढंच म्हणालीस, "मला विचारलं असतंस तर कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण का नाही, हे तरी तुला सांगितलं असतं. माझं नाव पुढे करून खोटं नाही बोलायचं." पुढे पस्तीस वर्षं मी घरात पैशाबद्दल खोटं बोलले नाही. असं मी लोकांना सांगते.

तू कंजूष नव्हतीस. अकरावीत मला फळ्यावरचं दिसेना. मी महिनाभर लपवलं, कारण चष्म्याचा खर्च मला माहीत होता. कोणीतरी तुला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी तू मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलीस. दुकानदाराने तुझे निळे हात पाहिले आणि सगळ्यात स्वस्त फ्रेमचा ट्रे पुढे केला. तू तो मागे सरकवलास. "काच चांगली टाका. पोरीला रात्रंदिवस वाचायचंय." भाजीच्या जुडीला आठ आण्यांसाठी तू पाच मिनिटं भांडायचीस, आणि तिथे तू भावसुद्धा केला नाहीस. काकांकडून काढून आणलेले पैसे टेबलावर ठेवलेस. बाहेर आल्यावर मी रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत सुटले, आणि तू गंभीरपणे माझ्याबरोबर चालत होतीस, जणू त्या पाट्या खरंच ऐकायच्या होत्या. तेव्हा तू एक वाक्य बोलली होतीस ते मला नीट आठवत नाही. शरीराच्या बाबतीत काटकसर करायची नाही, असं काहीसं.

मग स्वतःच्या शरीराचं तू काय केलंस, आई? तू एक्कावन्न वर्षांची होतीस. कारखान्यात पँटींच्या ढिगावर कलंडलीस ती परत उठली नाहीस. तिसऱ्या दिवशी गेलीस. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर फार वाढलं होतं, मेंदूतली नस फुटली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले आणि मी तुझी पत्र्याची पेटी आवरायला घेतली. त्यात गोळ्यांची पाकिटं होती. प्रत्येक पाकिटात एक गोळी अर्धी, तिच्यावर चांदीचा कागद नीट दुमडलेला. महिन्याच्या गोळ्या तू दोन महिने पुरवत होतीस. चार दिवसांनी सिंधी काका स्वतः घरी आले. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले, खिशातून नोटा काढल्या. "बेटी, तेरी माँ का जमा था. अडतीस सौ. देख ले." मी पाहिलं नाही. मनात हिशोब आपोआप झाला होता. तीन रुपयांची गोळी, रोजची एक. त्या पैशांत तीन वर्षं तरी तुला पूर्ण गोळी घेता आली असती. रडू आलं नाही मला. राग आला. तुझ्यावर इतका राग आला की तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावतानासुद्धा मी दात आवळून उभी असायची.

त्या रागातूनच माझा संसार उभा राहिला. दर महिन्याला पगार झाला की मी आधी औषधाच्या दुकानात जाते, मग बाकी सगळं. किराणा, दूध, वीज, लेकीची फी, जयंतीची वर्गणी, हे सगळं त्यानंतर. मी अंबरनाथला एमआयडीसीत एका पॅकिंगच्या कंपनीत क्लार्क आहे, तुझे जावई तिथेच दुसऱ्या कंपनीत फिटर आहेत. बदलापुरातच कुळगावला आमची एक खोली आणि किचन आहे, जुनी बिल्डिंग, पण आमची. त्यात आम्ही वीस वर्षं नीट काढली. मग यांच्या मनात मोठ्या घराचं आलं. लेक मोठी झाली, तिला अभ्यासाला वेगळी जागा हवी, हे खरंच होतं. आम्ही हिशोब मांडला, ताण पडणार होता, पण जमत होतं. टोकन भरलं. आणि सहा महिन्यांत यांच्या कंपनीने ओव्हरटाइम बंद केला.

यांना शुगर आहे. गेल्या पावसाळ्यात मी औषधं आणायला गेले तर केमिस्ट म्हणाला, "ताई, या वेळी पण पंधराच देऊ ना? साहेब मागचे तीन महिने पंधराच नेतात." मी काउंटरवर हात ठेवून उभी राहिले. त्या तीन महिन्यांत कंपनीतलं माझं काम वाढलं होतं म्हणून औषधांचं काम यांनी अंगावर घेतलं होतं, मलाच बरं वाटावं म्हणून. मी तीस घेतल्या आणि घरी आले. हे टीव्ही बघत होते.

"तुम्ही गोळ्या अर्ध्या करता?"

त्यांनी आवाज कमी केला. "अर्ध्या नाही. एक दिवसाआड घेतो. अगं, शुगर आता कंट्रोलमध्ये आहे. बिल्डरचा हप्ता झाला की परत सुरू करतो."

"कधी मोजली शेवटची?"

ते पुन्हा टीव्हीकडे बघू लागले. लेक आतून बाहेर आली आणि दोघांकडे बघत राहिली.

"उद्या सकाळी उपाशीपोटी चलायचं," मी म्हटलं. "आणि तो फ्लॅट आपण घेत नाहीये."

"डोकं फिरलंय का तुझं? टोकनचे पैसे बुडतील."

"बुडू देत."

"पाच-सातशे रुपयांच्या गोळ्यांसाठी घर सोडतेस?"

"तुम्ही पाच-सातशे रुपयांसाठी काय सोडायला निघालात ते बघा आधी. ज्या घरासाठी तुम्हाला गोळ्या चुकवाव्या लागतात ते घर आपल्याला परवडत नाही, एवढा साधा हिशोब आहे."

ते रागाने उठून खाली निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याबरोबर लॅबमध्ये आले. रिपोर्टमध्ये शुगर तीनशेच्या वर होती. कागद त्यांनी स्वतः वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

बिल्डरच्या ऑफिसात मात्र मी एकटी गेले. काचेचं टेबल, एसी, टाय लावलेली मुलगी. ती म्हणाली, "मॅडम, एवढी चांगली स्कीम परत मिळणार नाही, रेट वाढलेत." मी अर्ज पुढे ठेवला. मग आतून साहेब आले, चहा मागवला, हप्ते पुढे ढकलून देतो म्हणाले, भावोजींशी बोलून घ्या म्हणाले. मी म्हटलं, "बोलून झालंय. कापून किती परत देणार ते लिहून द्या." साडेतीन तास बसले तिथे. ऐंशी हजार गेले, आई. एका सहीत. तुझ्या पंचवीस पैशांच्या हिशोबाने किती पँटी होतात ते मी लावून पाहिलं आणि मध्येच सोडून दिलं. बाहेर रस्त्यावर आले तेव्हा चूक केली असं एकदाही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

आता सगळं हळूहळू रुळावर येतंय. अंबरनाथला जेनेरिक औषधांचं दुकान आहे, तिथे डॉक्टरांना विचारून त्याच गोळ्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाल्या. हे आधी शोधलं नाही याची मला लाज वाटते. काटकसर इथेच करायची असते, गोळी मोडायची नसते. परत आलेले पैसे बँकेत टाकले, त्यातल्या थोड्यांतून सुताराकडून लेकीसाठी किचनच्या भिंतीला लागून अभ्यासाचं टेबल आणि वर माळा करून घेतला. ती म्हणते, "मम्मी, टूबीएचकेपेक्षा हे भारी आहे," आणि मला माहितीये की ती मला बरं वाटावं म्हणून म्हणते. हे रोज सकाळी बारवी धरणाच्या रस्त्याने चालायला जातात. सुरुवातीला एकदा परत आले ते कोवळी काकडी घेऊन, वाटेवर एका म्हातारीकडून घेतलेली. "भाव नाही केला," म्हणाले. "बरं केलंत," मी म्हटलं. एवढ्यावर आमचा अबोला संपला. मोठं घर आम्ही घेऊ. लेक कमवायला लागल्यावर, किंवा नाहीही घेऊ. पण कोणाच्या अंगातून काढून घेणार नाही, एवढं मी ठरवलंय.

हे सगळं मी कंपनीच्या कोऱ्या कागदांवर लिहितेय, दुपारच्या सुट्टीत, आणि घडी घालून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवणार आहे. लेकीला द्यायचं मनात होतं, पण आता देणार नाही, कारण वर एक गोष्ट मी खरी लिहिलेली नाही. मी म्हटलं की तुझी पेटी उघडली तेव्हा मला गोळ्यांचं कळलं. ते तसं नाही. तू जायच्या आधीच्या दिवाळीत मी घरी आले होते. तू धाग्याच्या कात्रीने गोळी कापत होतीस. मी विचारलं, "अर्धीच?" तू म्हणालीस, "डॉक्टरांनीच कमी केलीय." माझा विश्वास बसला नव्हता, आई. पण त्या दिवशी मी तुझ्याकडे भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी दोन हजार मागायला आले होते. ते तू दिलेस, आणि मी पुढे विचारलं नाही.