झाकण घट्ट लावावे

मी, आत्माराम वासुदेव पेडणेकर, वय ७१, राहणार गोखिवरे, वसई पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. पत्नी आशालता हिचं मत वेगळं आहे. ते जोडलेलं नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतली ठेव आशालताला. तिने मला सहन केलं, त्या मानाने हे कमीच आहे.

२. माझा सुरक्षा-चष्मा व रबरी हातमोजे चिरंजीव सिद्धेश यास. हा इंजिनिअर संडास धुताना ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर टाकतो आणि "बाबा, डबल इफेक्ट!" म्हणतो. मग खोकत बाहेर येतो. निदान खिडकी उघडावी, ही अट नाही, विनंती आहे.

३. सातिवलीच्या प्रयोगशाळेत सुरक्षा अधिकारी असताना मी लिहिलेल्या सुरक्षित कार्यपद्धतींच्या चौदा फायलींच्या माझ्याकडच्या प्रती मालकांना परत. त्यांच्याकडच्या प्रती त्यांनी कधी उघडल्या नाहीत, तेव्हा याही नव्यासारख्या राहतील. तिथली रीत अशी : तपासणीच्या आदल्या दिवशी चहा यायचा, कागद फिरायचा आणि 'वाचले व समजले' याखाली सगळे सह्या करायचे. दोनशे पानं, चहा निवायच्या आत. इतकी हुशार माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

खरोखर वाचणारा एकच, नंदाखालचा रुडॉल्फ तुस्कानो. ओळीवर बोट ठेवून वाचायचा. मला त्याचा कंटाळा यायचा.

४. हे कलम नीट वाचावे. वापरून झालेलं नायट्रिक ॲसिड बाटलीत साठवण्याची कार्यपद्धती २०१६ साली लिहिताना मी आळसाने दुसऱ्या फाईलचं पान उतरवलं. ते सॉल्व्हंटचं, म्हणजे उघडं ठेवलं की उडून जाणाऱ्या द्रावकाचं होतं. त्यात 'झाकण घट्ट लावावे' असं होतं. ॲसिडच्या त्या बाटलीत वायू साठतो, झाकण सैल हवं, हे मला झोपेतही माहीत होतं. रुडॉल्फने वाचलं तसं केलं. बाटली फुटली आणि त्याचा उजवा डोळा गेला. बाकीच्यांनी पान वाचलंच नव्हतं, सवयीने झाकण सैलच ठेवायचे, म्हणून ते शाबूत.

चौकशीआधी मालक म्हणाले, "पेडणेकर, ते पान जरा बघून घ्या." मी बघून घेतलं. 'सैल' असं लिहिलेलं नवं पान फायलीत लावलं आणि त्यावर जुनी तारीख टाकली. ठपका रुडॉल्फवर आला, नोकरी गेली. मला त्याच वर्षी उत्कृष्ट सुरक्षा अधिकारी म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते कोणालाही द्यावं. मला लाज वाटते. हे कुठल्या कलमात बसत नाही, म्हणून असंच लिहितो.

मूळ पान माझ्याकडे आहे. ते माझ्या मृत्यूनंतर रुडॉल्फला द्यावं, असं आधी लिहिलं होतं. आशालताने वाचलं आणि म्हणाली, "अहो, मेल्यावर कसली कबुली देताय? तेव्हा तुम्हाला जाब विचारायला कोण येणार?" तीच तर सोय होती. ते वाक्य खोडलं आहे. साक्षीदार म्हणून रुडॉल्फलाच बोलावलं आहे. ते पान, आणि चूक माझी असल्याचं माझ्या सहीचं पत्र, आजच त्याच्या हाती देत आहे.

स्थळ : गोखिवरे
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५
सही : आ. वा. पेडणेकर

साक्षीदार १ : मयूर चौधरी, शेजारी. न वाचता सही केली.

साक्षीदार २ : रुडॉल्फ तुस्कानो, नंदाखाल. सही नाही. पान दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. दारात थांबून म्हणाले, "सर, नऊ वर्षं मी हेच धरून बसलेलो, की मीच वाचायला चुकलो."