मूठभर ओट्स पाठवण्याबाबत

ती. ताईंना,

कोपरापासून नमस्कार. (अक्षरशः कोपरापासूनच. कोपराच्या पुढचा भाग सध्या केळ्यात आहे. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात डाग दिसतोय तो त्याचाच, शाई गळत नाहीये.) तुमचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावता ना, की बाटली खिडकीत उभी करून तिच्याकडे बघूनच बरं वाटतंय? चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात पुड्या बांधल्या आहेत मी, तेव्हा मला फसवू नका.

इकडे सगळे खुशाल. मुलगी आणि जावई सकाळी आठला कामावर जातात आणि संध्याकाळी सहापर्यंत दोन्ही नाती माझ्या ताब्यात असतात, किंवा मी त्यांच्या. थोरली साडेतीन वर्षांची. तिला मी फौजदार म्हणतो, कारण ती सरळ बोलतच नाही, जबाब घेते. धाकटी टिंगू दोनची. ती काही विचारत नाही, थेट तोंडात घालते. ही जाऊन पाच महिने झाले. तुमचीच सख्खी बहीण, तुम्हाला हे काय सांगायचं? पण मला कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि या घरात ते सगळ्यांना आधीच माहीत आहे.

तर झालं असं की, गेल्या महिन्यात मुलीने मला एक छापील कागद आणून दिला. मथळा असा : लहान मुलांबरोबर करायचे सोपे पदार्थ, पसारा अजिबात नाही. म्हणाली, बाबा, मुलींना जरा गुंतवा. (ताई, गुंतवायचं कुणाला होतं हे न कळण्याइतका मी खुळा नाही. तीन महिने मी खिडकीजवळच्या खुर्चीतून उठलो नव्हतो. कडू औषध कशात कालवून देतात हे मला कुणी शिकवायला नको. पण पोरीने इतक्या मायेने कालवलं होतं की मी मुकाट्याने घेतलं.) पहिलाच पदार्थ केळ्याची बिस्किटं. केळी चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, चेन लावा आणि मुलांना बाहेरून दाबू द्या, हात खराब होत नाहीत. कागद लिहिणाऱ्या माणसाला मूलबाळ नसावं. फौजदाराने पिशवी शिस्तीत दाबली, पण टिंगूला तिची पाळी येईपर्यंत दम निघाला नाही आणि ती पिशवीवर बसली. चेन सुटली. केळं भिंतीवर, फ्रिजच्या दारावर आणि माझ्या चष्म्यावर. हात मात्र तिघांचेही स्वच्छ राहिले, तेवढं कागदाच्या बाजूने म्हटलं पाहिजे.

पण खरी गंमत पुढेच आहे. केळ्याची बिस्किटं हीसुद्धा करायची, आठवतं ना? बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागायची. मी म्हटलं, त्या कागदाला मारो गोळी, हिची वही काढतो. काढली. वाचली आणि कपाळावर हात मारला. ‘पिकलेली केळी दोन. ओट्स चार मुठी. लोणी बोटभर. मीठ उगाच. वास आला की काढणे.’ उगाच म्हणजे किती हो? एखाद्या डॉक्टरने चिठ्ठीवर असं लिहिलं असतं तर मी रोग्याला बाकावर बसवून ठेवून आधी डॉक्टरला फोन लावला असता. आणि मूठ! संसार केला एवढी वर्षं, पण मुठीचं वजन लिहून ठेवावं असं हिला कधी सुचलं नाही आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. ती करायची, मी खायचो. फार तर बरी झालीत म्हणायचो. बरी! चांगली म्हणायला माझं काय जात होतं?

मी माझ्या मुठीने चार मुठी घातल्या. जी बिस्किटं झाली त्यातलं एक सध्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलं आहे. मग दुकानातला जुना तराजू माळ्यावरून काढला. माझी मूठ एकतीस ग्रॅम. मुलीची मोजली तर तीसच, कारण तिचे हात माझ्यावर गेलेत. जावयाची मोजायला गेलो तर तो घाबरला. म्हटलं कमी करत जाऊ. एकोणतीस ग्रॅमला गिचका, अठ्ठावीसला गिचका पण कडेने जळलेला. आतापर्यंत अकरा वेळा केली, फौजदार मोजतेय. एकदाही हिची चव आली नाही. आणि मुली काही केल्या खाईनात. आजीचं हवं, आजीचं हवं, एकच हट्ट. पोरी लहान आहेत ताई, थोड्या दिवसांनी ती चव विसरून जातील, मग मी बरोबर करूनही उपयोग काय? म्हणून घाई आहे.

मग परवा मला अक्कल सुचली, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. कपाटात हिचे लोकरीचे हातमोजे होते, तुम्ही विणलेले. म्हटलं, हाताचं माप यात आहेच. एक मोजा घेतला आणि त्यात ओट्स भरले, पाची बोटांत, नीट ठोकून ठोकून. (हाताचं वजन आणि हातात मावणाऱ्या वस्तूचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्यासारख्या माणसाच्या लक्षात येऊ नये!) भरल्यावर तो मोजा टेबलावर ठेवला आणि तराजू आणायला वळलो. परत बघतो तर फौजदाराने केळ्याची पिशवी त्या मोज्याखाली सरकवली होती आणि ती त्याला सांगत होती, आजी, आता तू दाब. टिंगूने एक बोट धरलं होतं. मला आधी हसू आलं. मग मी तिथेच फरशीवर बसलो आणि दोघींसमोर रडलो ताई, काही आडपडदा न ठेवता. फौजदाराने माझा जबाब घेतला, कुठे लागलं म्हणून. मला दाखवता आलं नाही, तेव्हा तिने आपल्या मनाने गुडघ्यावर फुंकर घातली.

मोजा मी अजून रिकामा केलेला नाही. मुलगी म्हणते किडे होतील. होऊ देत.

बाकी सर्व ठीक. तेल लावा.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. : पत्राचं मुख्य काम राहूनच गेलं. तुम्ही ते मोजे विणताना हिला कधी समोर बसवलं नाही, स्वतःच्या हातावर माप घ्यायचात आणि तिला ते चपखल बसायचे. तेव्हा कृपा करून एक मूठ ओट्स पाकिटात घालून पाठवा. मुद्दाम दाबू नका, सैलही सोडू नका, सवयीने उचलाल तसे उचला. शक्यतो तीन मुठी तीन वेगळ्या पाकिटांत पाठवा, म्हणजे मला सरासरी काढता येईल. तुम्ही वजन करू नका, तुमच्या काट्यावर माझा विश्वास नाही.

ता. क. दुसरा : मिठाचं ‘उगाच’ किती, तेही कळवा. तुम्ही दोघी एकाच आईच्या हाताखाली शिकलात, तुम्हाला माहीत असणार.

ता. क. तिसरा : वर एक खोटं लिहिलं आहे. मुली माझी बिस्किटं पहिल्या दिवसापासून खातात. दाराखाली लावलेलंसुद्धा टिंगूने दोनदा चोखलं आहे. काल फौजदार म्हणाली, आजोबा, तुमची आजीच्यापेक्षा छान होतात. मी तिला शाबास म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. आजीचं हवं म्हणून हट्ट धरून बसलेलं या घरात एकच जण आहे, आणि ते एकाहत्तर वर्षांचं आहे. पाकीट लवकर पाठवा.