लाल थरात हरवलेले कुंकू

राजाजीनगर, बेंगळूर
१२ ऑक्टोबर १९९८

प्रिय वासंती,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असतील (जिने चढू नकोस, शंभरदा सांगितले आहे). इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत. दोघेही! तुझी सांत्वनाची तार काल तुझ्या भावोजींनीच सही करून घेतली, चष्मा लावून वाचली आणि मला विचारले, "कस्तुरी, मी गेलो कधी?"

अगं, शाळेत द्यायला पाठवलेल्या फोटोत बहिणीचे कपाळ मोकळे दिसले म्हणून थेट तार? आधी फोन करायचास! आणि त्या प्रणिताला बोल लावू नकोस. ती आमची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, पुण्याची, सॉफ्टवेअरवाली. आपल्या कॉन्व्हेंटची स्मरणिका कृष्णधवल छापणार म्हटल्यावर तिने ऑफिसातला डिजिटल कॅमेरा आणून माझा रंगीत फोटो काढला. मी म्हटले, आता रंग पुसून टाक. तर म्हणते, "आजी, रंग नुसते पुसायचे नसतात, निवडायचे असतात." ("आजी" मी सोडून दिले. कलावंताला एक गुन्हा माफ.) कॉम्प्युटरमध्ये फोटो म्हणे लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा असतो आणि प्रत्येक थराचा वेगळाच कृष्णधवल फोटो निघतो. निळ्या थरात मी आनेकलच्या बसमधून धूळ खात आल्यासारखी दिसले. हिरव्यात कुंकू ठसठशीत, पण सुरकुत्याही मोजून घ्याव्यात अशा. आणि लाल थरात, वासंती, माझ्या चेहऱ्यावरची वीस वर्षे गेली! पस्तीस वर्षे मुली शिकवल्या, पण इतके नेमके काम इतक्या शांतपणे करणारी एक पाहिली नाही. चकल्यांचा अख्खा डबा तिच्या हातात ठेवला.

लाल थरात लाल रंगच पांढरा पडतो, हे मात्र दोघींच्याही लक्षात आले नाही (आम्ही गाल पाहत होतो). मंगळसूत्र पदराखाली. झाले, तुझे भावोजी वारले.

तुझी संतप्त, पण सौभाग्यवती,
कस्तुरीअक्का

ता. क. फोटो शाळेत दिला नसशील तर थांब. प्रणिता परवाच कामासाठी अमेरिकेला गेली, पण जाण्याआधी हिरव्या थराचीही प्रत काढून गेली होती. ती सोबत पाठवते. भावोजी हयात दिसावेत म्हणून तीच दे.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच भावोजींनी हा हिरवा फोटो घरातल्या लालच्या प्रतीशेजारी ठेवून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "लालच छाप गं. मी काय, घरात जिवंत आहेच." तेव्हा हिरवा मीच फाडून टाकला, तू तुझ्याकडच्या लालवर काळ्या पेनने कुंकू काढ. ते जरा वाकडे झाले तरी चालेल. गालाला शाई लागता कामा नये.