उसन्या टाळ्या

३ मार्च, मंगळवार

नाव ठरलं! 'सभागृह जमीनदोस्त'.

चौदा तारखेचा कार्यक्रम रेकॉर्ड करून आमचा पहिला लाइव्ह अल्बम काढायचा, हे कधीच पक्कं होतं. घोडं अडलं होतं नावापाशी. ड्रमर म्हणाला, "'जिवंत' शब्दावर कोटी करू." गायक म्हणाला, "ती सगळ्यांची करून झाली!" खरंच आहे. आम्ही हेवी मेटल वाजवणारे एरवी कितीही कानठळ्या बसवू, पण लाइव्ह अल्बमचं बारसं करायचं म्हटलं की गुपचूप जुन्या रॉकवाल्यांच्या कपाटात हात घालतो. शेवटी मीच म्हटलं, काकांच्या बँडची ती रेकॉर्ड! 'सभागृह दणाणलं'. त्यांनी दणाणवलं, आपण पाडू!

काका त्या बँडचे साउंडवाले. ती रेकॉर्ड ऐकूनच मी गिटार हातात घेतली. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला टाळ्यांची जी लाट येते ना — अजून अंगावर काटा येतो.

५ मार्च

दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासल्या. बोटं बधिर. तरी सराव झकास.

८ मार्च, रविवार

काकांकडे गेले होते. म्हटलं तर परवानगी मागायला, खरं तर शाबासकी घ्यायला. ते जुना रेडिओ खोलून बसले होते. नाव सांगितलं. हसले नाहीत.

"अगं, दणाणलं कुठलं? एक्केचाळीस माणसं होती. त्यातली निम्मी बँडचीच नातेवाईक."

"मग त्या टाळ्या?"

"फुटबॉलच्या सामन्यातल्या. मीच चिकटवल्या. कंपनीवाला म्हणाला, टाळ्या नाहीत तर रेकॉर्ड नाही. आमच्या गायकाला न विचारता केलं मी ते. त्यानं जे तोंड फिरवलं, ते आजतागायत."

म्हणजे इतकी वर्षं मी फुटबॉलच्या गोलवर फिदा!! इतका राग आला की चप्पल घालून निघालेच. काका दारापर्यंत मागे आले. "वाजवलेलं मात्र सगळं खरं आहे हो," म्हणाले. मी वळून पाहिलं नाही.

९ मार्च

बँडला सांगितलं. ड्रमर खांदे उडवून म्हणाला, "मग आपणही चिकटवू. बिघडलं कुठे?" कडाक्याचं भांडण. निर्णय शून्य.

१४ मार्च, शनिवार

पाचशे खुर्च्या. त्रेसष्ट माणसं. मी स्टेजवरून मोजली — मोजता आली, यातच काय ते आलं! तिसऱ्या गाण्यात तार तुटली. पुढच्या रांगेत ड्रमरची आई कानात कापूस घालून बसलेली. पण पाचव्या गाण्यापासून काय झालं कोण जाणे. आम्हा चौघांचे हात एका माणसाचे असल्यासारखे चालले. असं यापूर्वी कधी वाजलं नव्हतं.

१५ मार्च, रविवार

सकाळीच काकांना फोन केला. राग गिळून. "ऐकायला याल?" अर्ध्या तासात सरावाच्या खोलीवर हजर! आम्ही चौघंही तिथेच होतो. हेडफोन लावून तासभर ऐकलं. मग म्हणाले, "वाजवलंय भारी."

टाळ्या मात्र विरळ. इतक्या विरळ की एकेक सुटी ऐकू येते. शेवटच्या गाण्यानंतर सगळ्या थांबतात आणि एकच माणूस वाजवत राहतो. गायक म्हणाला, "इथे तरी काहीतरी चिकटवायला हवं."

तर ड्रमरच उठला! "हात लावायचा नाही. ती आई आहे माझी."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुसतच राहिले.

अल्बमचं नाव 'त्रेसष्ट जण'. काही चिकटवायचं नाही.

२ मे, शनिवार

अल्बम आला! पहिली प्रत काकांना. ती घेऊन ते थेट त्यांच्या गायकाकडे गेले — इतक्या वर्षांनी! "काय म्हणाले?" मी विचारलं. "दारातूनच घेतला. आत ये म्हणाला नाही. पण दार आपटलंही नाही."

११ मे, सोमवार

दुपारी दुकानात एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले. मी सवयीनं खुर्ची पुढे केली, समोरची अक्षरं वाचायला सांगितली.

"चष्मा नकोय मला," ते म्हणाले. तो आवाज! दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं!

"आमचा गिटारवाला गेला, तीन वर्षं झाली. आम्ही उरलेले तिघं परत वाजवतोय. साउंडला तुझे काका आहेत, काल ठरलं. गुरुवारी सरावाला येशील?"