आजोबांपुढचा खोका

८ नोव्हेंबर

सगळ्यात आधी कोण टपकलं? कुमेको! शेजारीण कसली, नुसतं नाक. आमच्या शुंगोला बेसबॉलच्या क्लबनं काढलं हे सकाळी पेपरात आलं, आणि ही सातला दारात. "फार वाईट झालं हो." तोंड रडवं, डोळे नाचतायत! आठ वर्षांपूर्वी हीच त्याची सही गावभर मिरवत होती.

मी म्हटलं, वाईट कसलं? पिचर गेला, नातू आला. पर्सिमनची फळं सोलून वाळत टांगायला माणूस मिळाला!

खरंच आनंद झालाय. बोलू नये, पण झालाय.

११ नोव्हेंबर

शुंगो भराभर सोलतो. पण उजवं कोपर सरळ होत नाही. वरच्या काठीला फळं टांगायला डावा हात. मी पाहिलंच नाही असं केलं.

आठ वर्षांत एकच सामना जिंकला माझ्या शुंगोनं. पहिल्या विजयाचा चेंडू तो टाकणाऱ्या पिचरच्या घरी यायचा असतो. ह्यांनी देव्हाऱ्यात जागासुद्धा करून ठेवलेली. पण शेवटचा झेल घेणाऱ्या गाढवानं आनंदाच्या भरात तो प्रेक्षकांत भिरकावला! जागा रिकामीच राहिली, आणि मग हेही गेले.

१३ नोव्हेंबर

नुकागा आला! शाळेतून पोराला क्लबसाठी उचलून नेणारा तोच. "आजी, हा हात सोन्याचा आहे," म्हणत माझं मुळ्याचं लोणचं तीनदा मागून खाल्लं होतं मेल्यानं. आज बरोबर क्लबचा एक गुळगुळीत माणूस. काय तर म्हणे, शुंगोनं सरावाला चेंडू टाकावेत. आपल्याच फलंदाजांना. त्यांना मारता येतील असे.

"म्हणजे रोज मार खायची नोकरी?"

गुळगुळीत हसला. नुकागा नाही हसला. "आजी, त्याच्या कोपराला एवढं झेपेल."

"आणि कोपर मोडलं कुणी?"



लोणचं काढलं नाही. चहा दिला, तोही वापरलेल्या पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून. निघताना नुकागानं खोका ठेवला. "आधी आजोबांपुढे ठेवा, मग उघडा." मिठाईनं तोंडं बंद करतात! ह्यांच्या फोटोपुढे आदळला. म्हटलं, तुम्हीच खा.

नंतर शुंगो म्हणाला, "आज्जी, तू नको म्हणालीस तर नाही जाणार."

मी नको म्हणाले.

"बरं." आणि सोलायला बसला.

१५ नोव्हेंबर

थंडी. कुमेको खोका हुंगून गेली.

१७ नोव्हेंबर

तांदळाची मिठाई असेल, बुरशी धरेल, म्हणून खोका टाकायला काढला.

मिठाई नाही. चेंडू! प्रेक्षकांत ज्यानं झेलला त्यानं शाईनं तारीख घातलेली. शुंगो जिंकला तो दिवस. खाली चिठ्ठी: "सहा वर्षं शोधत होतो. आजोबा असताना आणायला हवा होता. माफ करा. नुकागा."

शुंगोनं उचलला. दोन बोटं आपोआप शिवणीवर गेली, टाकायच्या पकडीत. इतके दिवस घरात वावरत होता, पण घरी आलेला मला आत्ता दिसला.

१८ नोव्हेंबर

मुळ्याच्या लोणच्यावरचा दाबाचा दगड काढला. शुंगोचे खेळायचे खिळ्यांचे बूट धुऊन पर्सिमनांखाली वाळत घातले. नुकागाला फोन केला, एकवीसला शुंगोला न्यायला येतो म्हणालाय.